केशनलिका अर्थात कॅपिलरी ट्यूब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या वाचकांकडून येतात: भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, प्रयोगशाळेत काम करणारे आणि फ्रिजची दुरुस्ती करणारे. तिघेही ‘कॅपिलरी’च म्हणतात, पण त्यांच्या हातातल्या नळ्या वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात. प्र. १ ते ९ काचेच्या नळीचे भौतिकशास्त्र, १० ते १२ प्रयोगशाळा, १३ ते २० फ्रिज आणि उरलेले किरकोळ.

१. नळी किती बारीक असली की तिला केशनलिका म्हणायचे?

काटेकोर सीमारेषा नाही, पण अंदाज बांधता येतो. पाण्यासाठी सुमारे २.७ मिमी ही लांबी महत्त्वाची: याहून लहान अंतरावर पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाला आक्रसून धरणारी ओढ) गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो, याहून मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षण. नळीची आतली त्रिज्या या लांबीपेक्षा बरीच कमी असेल तर केशाकर्षण (बारीक नळीत द्रव आपोआप चढणे) स्पष्ट दिसते. व्यवहारात आतला व्यास १ मिमी किंवा त्याहून कमी असतो. बाहेरून नळी किती जाड आहे याचा इथे संबंध नाही. पाऱ्याच्या तापमापीची काच चांगली जाड असते, छिद्र मात्र अतिशय बारीक.

२. कोणी ओढत नसताना पाणी नळीत वर कसे चढते?

स्वच्छ काचेला पाणी चिकटते, म्हणून नळीच्या कडेला पाण्याचा पृष्ठभाग किंचित वर चढतो आणि मध्ये खोलगट होतो. या खोलगट पृष्ठभागाला मेनिस्कस म्हणतात. वक्र पृष्ठभागाच्या दोन बाजूंना दाब सारखा राहत नाही. खोलगट मेनिस्कसच्या लगेच खाली पाण्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. १ मिमी व्यासाच्या नळीत हा फरक सुमारे २९० पास्कल भरतो. भांड्यातल्या पाण्याच्या पृष्ठभागावर मात्र पूर्ण दाब आहे, त्यामुळे पाणी नळीत ढकलले जाते आणि चढलेल्या स्तंभाच्या वजनाने तो फरक भरून निघाला की थांबते.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र हव्यात: द्रव नळीच्या भिंतीला चिकटायला हवा आणि त्याला पृष्ठताण हवा. आतून मेण लावलेल्या नळीत पृष्ठताण तेवढाच असूनही पाणी चढत नाही.

३. पाणी किती वर चढेल हे आधी कसे काढायचे?

उंची = (२ × पृष्ठताण × स्पर्शकोनाची कोसाइन) ÷ (त्रिज्या × घनता × गुरुत्वत्वरण)

जेम्स ज्युरिन यांनी १७१८ मध्ये उंची आणि व्यास यांचा हा व्यस्त संबंध मांडला, म्हणून याला ज्युरिनचा नियम म्हणतात. २० °से. तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ०.०७२८ न्यूटन असतो आणि स्वच्छ काचेशी स्पर्शकोन (द्रवाचा पृष्ठभाग काचेशी द्रवाच्या बाजूने करतो तो कोन) जवळपास शून्य. हे आकडे घातले की तोंडपाठ ठेवण्याजोगा हिशोब मिळतो: उंची मिमीमध्ये हवी असेल तर ३० ला व्यासाने (मिमी) भागा. १ मिमी व्यासाला ३० मिमी, ०.५ मिमीला ६० मिमी, ०.१ मिमीला ३०० मिमी. इथेनॉलचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ०.०२२ न्यूटन, त्यामुळे १ मिमीच्या नळीत ते साधारण ११ मिमीच चढते.

सूत्रात त्रिज्या आहे, व्यास नाही. उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मे आले की आधी हेच तपासा.

४. पारा नळीत वर जाण्याऐवजी खाली का उतरतो?

पाऱ्याचे कण काचेपेक्षा एकमेकांना कितीतरी जास्त जोरात धरून असतात. काचेशी त्याचा स्पर्शकोन सुमारे १४०° असतो, म्हणजे कोसाइन ऋण आणि मेनिस्कस फुगीर. सूत्र तेच, फक्त उंची ऋण येते. १ मिमी व्यासाच्या नळीत पारा बाहेरच्या पातळीपेक्षा सुमारे ११ मिमी खाली राहतो. पारा काचेला ‘घाबरतो’ वगैरे लिहून गुण मिळत नाहीत. स्पर्शकोन ९०° पेक्षा मोठा आहे हे लिहा.

५. नळी तिरकी धरली, किंवा ती मधेच जाड-बारीक असली, तर?

तिरक्या नळीत पाण्याची उभी उंची तीच राहते, नळीतली लांबी वाढते. उभ्या रेषेपासून ६०° कलवली की लांबी दुप्पट होते.

जाड-बारीक नळीत खरी गंमत आहे. मेनिस्कस ज्या ठिकाणी आहे तिथलीच त्रिज्या हिशोबात येते, खालचा भाग कसाही असो. खाली फुगा आणि वर बारीक छिद्र असलेली नळी कोरडी उभी केली तर पाणी फुग्यातच अडकून राहील. तीच नळी पाण्यात पूर्ण बुडवून, भरून हळूच वर उचलली तर मेनिस्कस वरच्या बारीक भागात राहतो आणि फुगा पाण्याने भरलेलाच टिकतो. एकाच नळीत दोन वेगळ्या उंच्या मिळाल्या म्हणून प्रयोग चुकला असे समजू नका.

६. पाणी ३ सेंमी चढणार असेल आणि नळी पाण्याच्या वर १ सेंमीच ठेवली, तर ते कारंज्यासारखे वाहत राहील का?

नाही. पाणी वरच्या काठापर्यंत येते आणि तिथे मेनिस्कस सपाट होऊ लागतो. त्याची वक्रता-त्रिज्या तिप्पट होते, दाबातला फरक एकतृतीयांश उरतो आणि १ सेंमीचा स्तंभ बरोबर तोलला जातो. बाहेर सांडायचे तर पृष्ठभाग फुगीर व्हावा लागेल, आणि फुगीर पृष्ठभाग पाण्याला उलट आत ढकलतो. फुकटात चालणारा पंप बनवण्याच्या बहुतेक आकृत्या याच जागी फसतात.

७. हे हवेच्या दाबामुळे घडते का? निर्वातात आणि अंतराळात काय होईल?

हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यातही पाणी नळीत तितकेच चढते, कारण दाबातला फरक पृष्ठभागाच्या वक्रतेने निर्माण होतो, हवेने नव्हे. स्ट्रॉने पेय ओढण्याची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरच्या हवेचा दाब लागतोच.

वजनरहित अवस्थेत स्तंभाचे वजनच नसल्याने नळी कितीही लांब असो, पाणी वरच्या टोकापर्यंत जाते. तिथून पुढे प्र. ६ मधला नियम लागू: काठावर थांबते, बाहेर येत नाही.

८. केशनलिकेने पाण्याचा पृष्ठताण काढला की उत्तर नेहमी कमीच येते. काय चुकत असेल?

दहापैकी नऊ वेळा काच अस्वच्छ असते. बोटाचा तेलकटपणा लागून स्पर्शकोन ३०° झाला तरी उंची १३ टक्क्यांनी घटते, आणि आपण मात्र सूत्रात कोन शून्य धरलेला असतो. नळी कोमट साबणाच्या पाण्याने, मग सौम्य नायट्रिक आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर धुवा. साबणाचा अंश राहिला तर तो काचेपेक्षा पाण्याचेच नुकसान करतो, कारण पृष्ठताण निम्म्याच्याही खाली उतरू शकतो. जुन्या पुस्तकांतले क्रोमिक आम्ल टाळलेले बरे. त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे.

दुसरे कारण, कोरड्या भिंतीवरून मोजणे. कोरड्या काचेवरून वर सरकणारे पाणी आपल्या खऱ्या उंचीच्या अलीकडेच अडते. म्हणून भांडे थोडे वर उचलून पाणी नळीत जास्त चढू द्या, मग भांडे खाली घेऊन पाण्याला खाली उतरत स्थिर होऊ द्या. हे दोन-तीनदा करून प्रत्येक वेळी मेनिस्कस भांड्यातल्या पातळीपासून तेवढ्याच उंचीवर येतो का ते पाहा. येत नसेल तर नळी पुन्हा धुवायची, वाचन घ्यायचे नाही.

बाकी बारकावे असे:

- नळीजवळ पिन लावून तिचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवा. मेनिस्कसचे वाचन झाल्यावर भांडे काढून पिनच्या टोकाचे वाचन घ्या. भांड्याच्या काचेतून पातळी वाचू नका. भांड्याच्या कडेलाही पाणी चढलेले असते.
- चल सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते. खोलगट मेनिस्कस फुगीर दिसतो आणि आडवी तार त्याच्या टोकाला टेकवायची असते.
- मेनिस्कसच्या तळापर्यंतची उंची मोजली की कडेचे थोडे पाणी हिशोबातून सुटते. मोजलेल्या उंचीत त्रिज्येचा एकतृतीयांश मिळवा. १ मिमीच्या नळीत ही भर ०.१७ मिमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त.
- तापमान लिहून ठेवा, पण त्याच्यावर खापर फोडू नका. २० वरून ३० °से. झाल्याने पृष्ठताण सुमारे २ टक्केच घटतो.
- स्तंभात बारीकसा बुडबुडा असेल तर ते वाचन बाद.

९. नळीची आतली त्रिज्या अचूक कशी मोजायची?

मेनिस्कस जिथे होता तिथे खूण करून नळी तिथेच तोडा, छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरा आणि एकमेकांना काटकोनात असलेले दोन व्यास मोजून सरासरी घ्या. टोकाला मोजून भागत नाही; ओढून बनवलेली नळी सगळीकडे सारखी नसते (कारण प्र. ५ मध्ये).

नळी तोडायची नसेल तर तिच्यात पाऱ्याचा धागा घेऊन त्याची लांबी मोजा आणि वजन करा. १ मिमी व्यासात ५ सेंमीचा धागा सुमारे ०.५३ ग्रॅम भरतो, त्यामुळे १ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू पुरतो. धागा नळीत सरकवत तीन-चार ठिकाणी लांबी घेतली तर नळी एकसारखी आहे का तेही कळते. पारा नको असेल तर पाणी घ्या, पण तेवढ्याच लांबीचे पाणी जेमतेम ३९ मिलिग्रॅम असते, तराजू ०.१ मिलिग्रॅमचा लागेल.

१०. द्रवणांक काढायच्या केशनलिकेत पावडर किती आणि कशी भरायची?

एक टोक ज्योतीच्या कडेला तिरके धरून, नळी फिरवत बंद करा. टोकाला काचेचा मोठा गोळा होऊ देऊ नका. कोरडी, बारीक कुटलेली पावडर उघड्या टोकाने टोचून घ्या आणि नळी उलटी करून, बंद टोक खाली ठेवून, साधारण पाऊण मीटर लांबीच्या काचेच्या नळीतून टेबलावर चार-पाच वेळा पडू द्या. पावडरचा थर घट्ट आणि २ ते ३ मिमी उंच हवा. जास्त भरली तर वरचा-खालचा भाग वेगवेगळ्या वेळी वितळतो आणि शुद्ध पदार्थही अशुद्ध वाटू लागतो.

अपेक्षित द्रवणांकाच्या १५ अंश अलीकडेपर्यंत भराभर तापवा, पुढे मिनिटाला १ ते २ अंश. बेंझोइक आम्ल १२२ °से. ला वितळते, उपकरण तपासायला ते सोयीचे. शुद्ध पदार्थ अर्ध्या ते एक अंशाच्या आत पूर्ण वितळतो. वितळून थिजलेला नमुना पुन्हा वापरू नका. वितळण्याऐवजी वाफ होऊन उडणारा पदार्थ असेल तर नळीचे दुसरे टोकही बंद करावे लागते.

ही नळी द्रवात बुडवली तर द्रव आत का चढत नाही, हाही प्रश्न येतो. एक टोक बंद असल्याने आतली हवा बाहेर पडत नाही, एवढेच.

११. रक्ताच्या केशनलिकेवरची लाल आणि निळी पट्टी कशासाठी?

लाल पट्टीच्या नळीला आतून हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) लावलेले असते, निळीला काही नसते. बोटातून थेट रक्त घेताना लाल वापरा, नाहीतर रक्त नळीतच गोठेल. ईडीटीए (हेही रक्त गोठू देत नाही) घातलेल्या बाटलीतल्या रक्ताला निळी.

हिमॅटोक्रिटची (रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते मोजण्याची) नेहमीची नळी ७५ मिमी लांब असते, आतला व्यास १.१ ते १.२ मिमी, आणि ती पूर्ण भरली तर सुमारे ७५ मायक्रोलिटर रक्त मावते. पहिला थेंब पुसून टाका. नळी आडवी किंवा किंचित खाली कललेली धरा आणि दोनतृतीयांश ते पाऊण भरा. उभी धरली तर गुरुत्वाकर्षणाशी झगडत ती हळू भरते आणि अर्ध्यात अडते. रक्त न लागलेले कोरडे टोक मातीने बंद करा, बंद टोक सेंट्रिफ्यूजच्या बाहेरच्या कडेकडे ठेवा, समोरासमोर तोल साधा आणि १०,००० ते १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोर) वर ५ मिनिटे फिरवा.

बोट जोरात पिळले तर ऊतींमधला द्रव मिसळून आकडा खोटा कमी येतो. कमी वेळ फिरवले तर पेशी नीट दबत नाहीत आणि आकडा खोटा जास्त येतो. वाचताना मधला पांढुरका थर लाल भागात मोजायचा नाही.

१२. क्रोमॅटोग्राफीचा ठिपका नेहमी मोठा पडतो. काय करावे?

बाजारातली नळी थेट वापरण्याऐवजी ज्योतीवर मऊ करून ओढा आणि बारीक टोक घ्या. पातळ थराच्या पट्टीला टोक क्षणभर टेकवून उचला. ठिपका १ ते २ मिमीच असावा. द्रावण जास्त चढवायचे असेल तर एकदा वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा टेकवा. दाबून धरलेले टोक थर खरवडते आणि तिथून पुढे डाग वाकडातिकडा धावतो.

१३. फ्रिजमधली कॅपिलरीही केशाकर्षणावरच चालते ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आर-१३४ए या फ्रिजच्या गॅसचा पृष्ठताण इतका कमी की ०.८ मिमीच्या छिद्रात त्यापासून मिळणारा दाब जेमतेम ४० पास्कल. कंडेन्सर (गॅसचा द्रव होतो तो गरम भाग) ५५ °से. ला असताना तिथला दाब १५ बारच्या आसपास असतो आणि इव्हॅपोरेटर (द्रवाचा पुन्हा गॅस होतो तो थंड भाग) उणे २५ °से. ला असताना तिथे सुमारे १ बार. म्हणजे नळीच्या दोन टोकांत १४ लाख पास्कलचा फरक आहे. तिथे ४० ला कोण विचारतो?

इथे नळीचे काम अडथळ्याचे. पहिल्या भागात फक्त द्रव असतो. घर्षणाने दाब एका चालीने उतरतो, तापमान फारसे बदलत नाही. दाब पुरेसा उतरला की द्रवात बुडबुडे फुटू लागतात. वायू जास्त जागा मागतो, वेग वाढतो आणि उरलेल्या तुकड्यात दाब झपाट्याने कोसळतो. तापमानही त्याच्याबरोबर घसरते. फ्रिजमधून येणारा ‘स्स्स’ आवाज या टोकाचा.

एक महत्त्वाचा परिणाम: बाहेर पडताना वेग ठरावीक मर्यादेला पोचला की इव्हॅपोरेटरचा दाब आणखी उतरवून प्रवाह वाढत नाही. प्रवाह वरच्या बाजूचा दाब, आत येणारा द्रव किती गार आहे ते, आणि नळीची लांबी व छिद्र यांवर ठरतो.

१४. कॅपिलरी सक्शन लाइनला चिकटवलेली का असते? वेगळी केली तर चालेल का?

चालवू नका. सक्शन लाइन म्हणजे इव्हॅपोरेटरमधून कॉम्प्रेसरकडे परत जाणारी नळी. तिच्यातला गार वायू कॅपिलरीतल्या गरम द्रवाला गार करतो. त्यामुळे बुडबुडे उशिरा फुटतात, इव्हॅपोरेटरमध्ये जास्त द्रव पोचतो आणि सक्शन लाइन गरम झाल्याने कॉम्प्रेसरकडे द्रव जात नाही, बाहेर घामही येत नाही. नवीन कॅपिलरी टाकताना ती सक्शन लाइनला किमान मीटरभर घट्ट जोडून वरून इन्सुलेशन करा. नुसती गुंडाळून सोडलेली कॅपिलरी थंडी देते, पण पहिल्यासारखी नाही, आणि गॅसचे प्रमाणही बिघडते.

१५. २८ नंबरची कॅपिलरी मिळाली नाही. ३१ नंबरची टाकू का?

नंबर म्हणजे छिद्राचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात: २८ म्हणजे ०.७१ मिमी, ३१ म्हणजे ०.७९ मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण नाही. तेवढाच अडथळा हवा असेल तर नवी लांबी = जुनी लांबी × (नवा व्यास ÷ जुना व्यास) चा ४.६ वा घात. ३ मीटर २८ नंबरच्या जागी ३१ नंबर टाकायची तर सुमारे ४.८ मीटर लागेल. तेवढीच ३ मीटर टाकली तर गॅस जास्त सुटेल, कंडेन्सरमध्ये द्रव साठणार नाही आणि सक्शनवर बर्फ येईल.

लांबी जुन्याच्या दुपटीजवळ किंवा निम्म्याजवळ जाऊ लागली की हिशोब सोडा आणि योग्य नंबर मिळवा. जुनी नळी चोक (तुंबलेली) नसेल तर पडताळणी सोपी आहे: दोन्ही नळ्यांत ७ बार दाबाने कोरडा नायट्रोजन सोडा आणि दुसऱ्या टोकाचा प्रवाह मोजून तुलना करा.

१६. कॅपिलरी चोक आहे की गॅस गेला आहे, हे कसे ओळखायचे?

चालू असताना दोन्हींत सक्शन दाब खाली जातो आणि कॉम्प्रेसर कमी अँपिअर घेतो, म्हणून गफलत होते. खरी परीक्षा मशीन बंद केल्यावर. गॅस कमी असेल तर दोन्ही बाजूंचे दाब काही मिनिटांत सारखे होतात, फक्त कमी आकड्यावर. चोक असेल तर सारखे होतच नाहीत, किंवा फार वेळ घेतात. चोकमध्ये हेड प्रेशर (कंडेन्सरच्या बाजूचा दाब) भडकेल अशी अपेक्षा असते, पण बहुधा तसे होत नाही. कॉम्प्रेसरला ओढायला गॅसच उरत नाही. तो सगळा कंडेन्सरमध्ये द्रव होऊन पडलेला असतो आणि कंडेन्सर गार लागतो.

चोक कसला तेही ओळखा. थोडा वेळ छान थंडी, मग बंद, मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू, असे चक्र चालले तर पाण्याचा अंश कॅपिलरीच्या बाहेर पडण्याच्या टोकाशी गोठतो आहे. त्या टोकाला गरम पाण्यात भिजवलेले फडके लावल्यावर एकदम गॅस सुटल्याचा आवाज आला की शंका उरत नाही. कायमचा चोक बहुधा द्रव आत शिरतो त्या टोकाशी असतो: जळलेल्या तेलाचा कार्बन, ब्रेझिंगची (धातूचा रस ओतून सांधा जोडण्याची) पापडी, ड्रायरमधली (कॅपिलरीच्या आधी ओलावा आणि कचरा अडवणाऱ्या डबीतली) भुकटी. फिल्टर ड्रायरचे एक टोक गरम आणि दुसरे स्पष्ट गार असेल तर अडथळा ड्रायरमध्येच आहे.

अपवाद लक्षात ठेवा: आर-६००ए हा फ्रिजचा दुसरा गॅस उणे ११.७ °से. ला वातावरणाच्या दाबावर उकळतो. त्याहून थंड इव्हॅपोरेटरमध्ये सक्शन व्हॅक्यूममध्ये असणे हा दोष नव्हे.

१७. बर्फाच्या चोकवर थोडे मिथेनॉल सोडले तर?

फ्रिज चालू होतो, पण पाणी आतच राहते. मिथेनॉल ॲल्युमिनियमला आणि मोटरच्या इन्सुलेशनला मारक आहे. ड्रायर बदला, नायट्रोजन फिरवा आणि व्हॅक्यूम दोन्ही बाजूंनी घ्या. फक्त चार्जिंग लाइनमधून ओढले तर कंडेन्सरची हवा त्या बारीक नळीतून यावी लागते. गेज चांगले दाखवते आणि ओलावा मागे उरतो. ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचे एकक) खाली नेऊन पंप बंद करा आणि आकडा टिकतो का पाहा.

१८. कॅपिलरी कापायची आणि ड्रायरमध्ये बसवायची बरोबर पद्धत कोणती?

चाकाच्या ट्यूब कटरने कापू नका, छिद्र दाबले जाते. बारीक कानसीने चोहोबाजूंनी खाच पाडा आणि हलके वाकवून तोडा. छिद्र गोल, पूर्ण उघडे आणि कणी नसलेले हवे. टोकापासून १५ मिमीवर खूण करा आणि तेवढेच आत घाला. जास्त गेली तर जाळीला टेकून अडते, कमी गेली तर ब्रेझिंगचा रस छिद्रात ओढला जातो. (इथे मात्र खरोखर केशाकर्षण आहे: वितळलेला रस सांध्याच्या फटीत ओढला जातो तो त्यानेच.) ड्रायर उभा किंवा तिरका, कॅपिलरीचे टोक खाली, म्हणजे तिला द्रवच मिळेल.

तांबे तांब्याला जोडायला फॉस्फरसवाली कांडी चालते. ड्रायर लोखंडी असेल तर चांदीची कांडी आणि फ्लक्स घ्या, कारण फॉस्फरसने लोखंडाचा सांधा ठिसूळ होतो. आर-६००ए ज्वलनशील आहे: गॅस पूर्ण काढून, नायट्रोजनने धुतल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही.

१९. गॅस अंदाजाने भरून चालत नाही का?

कॅपिलरीच्या यंत्रणेत जादा द्रव ठेवायला टाकी नसते आणि कॅपिलरी स्वतःहून उघड-मीट करत नाही. जादा भरला तर सक्शनवर बर्फ येतो आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. कमी भरला तर इव्हॅपोरेटरचा शेवटचा भाग कोरडा राहतो. प्लेटवर लिहिलेले वजन काट्यावर मोजून भरा. आर-६००ए च्या घरगुती फ्रिजमध्ये एकूण गॅसच काही दहा ग्रॅम असतो, तिथे पाच ग्रॅमची चूक लगेच जाणवते.

२०. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरू का होत नाही?

बंद असताना कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात. त्याला ३ ते ५ मिनिटे लागतात. कमी सुरुवातीच्या ताकदीची मोटर याच भरवशावर बसवलेली असते. त्याआधी वीज आली तर मोटर गुरगुरते आणि ओव्हरलोड (संरक्षक स्विच) तिची वीज तोडतो. वारंवार वीज जात असेल तर वेळ लावणारा टायमर वापरा. पाच मिनिटे थांबूनही तसेच होत असेल तर प्र. १६.

२१. थर्मोस्टॅटची लांब बारीक नळी मुडपली तर काय होते?

ही तिसरीच जात. नळीत वायू किंवा द्रव कायमचा बंद असतो आणि तापमानाप्रमाणे त्याचा दाब थर्मोस्टॅटच्या पडद्यापर्यंत पोचतो. मुडपून बंद झाली तर थर्मोस्टॅट तापमान बदलले तरी हलत नाही. फुटली तर फ्रिजच्या थर्मोस्टॅटचा संपर्क उघडाच राहतो आणि कॉम्प्रेसर चालू होत नाही. सांधून भरता येत नाही, बदलावाच लागतो. बसवताना उरलेली नळी मोठ्या वळणाने गुंडाळा. वाफेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे डोके नळीच्या टोकापेक्षा गार जागी बसवू नका: द्रव सर्वात गार जागी जमतो आणि थर्मोस्टॅट टोकाऐवजी स्वतःच्या डोक्याचे तापमान मोजू लागतो.

२२. झाडे केशाकर्षणानेच पाणी शेंड्यापर्यंत नेतात, असे शिकवतात. ते खरे का?

प्र. ३ चा हिशोब लावा. ०.०४ मिमी व्यासाच्या वाहिनीत पाणी पाऊण मीटर चढेल. तीस मीटरचे झाड त्यावर भागत नाही. पानांतून बाष्प उडते तेव्हा पानातल्या पेशीभित्तिकांच्या कितीतरी सूक्ष्म छिद्रांमध्ये मेनिस्कस ताणले जातात आणि वाहिन्यांमधला अखंड पाण्याचा स्तंभ वरून ओढला जातो. म्हणजे वक्र पृष्ठभागाचा वाटा आहे, पण तो पानाच्या टोकाशी, खोडातल्या नळीत नाही.